बॅटरीच्या मागचं कुंकू

कुंकवाचा करंडा उघडला, की त्या वासासरशी मला शिरूरची ती दुपार आठवते. जुन्या मिनीबसमध्ये मी पलंग, ओटा, पंखा असं घरच थाटलं होतं आणि त्या घराच्या दोन्ही बॅटऱ्या दमल्या होत्या. शाळेपासूनचा माझा जिगरी दोस्त शिरूरला बॅटऱ्याच विकायचा. "तू निवांत चहा पी, नव्या टाकतो. पिठाची गिरणी चालव त्यांच्यावर!" तो म्हणाला. मी सतरा कप चहा प्यालो आणि दौंडला सासुरवाडीत जाऊन सांगितलं, गिरणीचं काय घेऊन बसलात, अख्खं स्टेशन उजळून दाखवतो! उन्हानं डांबर पातळ झालं होतं. निम्मं दौंड गाडीत कोंबून मी बटण दाबलं. पंख्यानं दोन गिरक्या घेतल्या आणि मान टाकली. "दाजी, पीठ कवा पडायचं?" मेव्हणी खिदळली. घामाघूम होऊन मी बॅटरी ओढून बाहेर काढली. पुढून नवंकोरं स्टिकर, मागच्या अंगाला मात्र कुंकवाची पाच बोटं, त्यातलं शेवटचं तिरकं. बायकोची करंगळी वाकडी आहे. "अहो, ही तर माझीच बोटं! गेल्या दसऱ्याला पूजा केली तवाची," ती म्हणाली. दोस्तानं माझ्याच बॅटऱ्या पुसून मला नव्या म्हणून दिल्या होत्या. फोन केला तर म्हणाला, "उन्हानं व्हतं तसं." मी कुंकवाचा विषय काढलाच नाही; गावभर थापा मारणाऱ्या मला त्याची ती एक थाप ऐकवेना, म्हणून फोन ठेवून दिला. यंदा दसऱ्याला बायको दुसऱ्या दुकानातल्या बॅटऱ्यांना पुढून कुंकू लावायला लागली, तेव्हा मी म्हणालो, "मागून लाव. तिथं दोस्तसुद्धा पुसत न्हाई."