पिकअपचा आवाज थांबला

रविवार, सकाळ. हजर : मी, धाकटे दीर प्रकाश, मेकॅनिक रफीकभाई आणि आमची पिकअप.

गेले काही दिवस पुढच्या चाकांनाही इंजिनची ओढ देणारा फोर-व्हीलचा दांडा टाकला की वळणावर पुढच्या चाकांतून कटकट यायची. ती नेमकी कुठून येते ते ऐकायला रफीकभाई गाडीशेजारून वाकून चालत होते. प्रकाशने दांडा टाकून गाडी डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. काहीच आवाज नाही.

"वहिनी आल्या आणि गाडी घाबरून गप्प बसली बघा!" प्रकाश हसला.

रफीकभाई हसले नाहीत. "पुढच्या चाकांना ओढच पोचत नसेल, तर आवाज कुठून येणार? खोलून बघायला हवं."

"उद्या खोला. आज काजू वेचणाऱ्या बायकांना वर बागेत न्यायचंय."

मला सासूबाईंचा खोकला आठवला. रात्ररात्र तो आम्हाला झोपू देत नसे. एका पहाटे तो थांबला, आणि आता त्यांना बरं वाटतंय असं समजून आम्ही सगळे निवांत कूस बदलून झोपलो. कुरकुर असते तोवर काहीतरी झटत असतं. शांततेचं मात्र काही सांगता येत नाही.

बागेचा चढ सुट्या मुरुमाचा आहे आणि एका बाजूला खोल दरी आहे. मागची चाकं घसरली की तिथे पुढच्यांचाच आधार.

बायका डबे घेऊन हौद्यात चढू लागल्या आहेत. पुढची चाकं खोलायची राहिली आहेत. त्याआधी प्रकाशच्या हातातली किल्ली काढून घ्यायची आहे, तीही राहिली आहे.