नको असलेल्या शब्दाचा दुभाषा

म्यानमारच्या शान प्रांतातल्या ताउंजी शहरच्या साय लुर्नला तरुणपणी एका पत्रकात ‘संघराज्य’ हा शब्द छापल्याबद्दल तीन वर्षांचा तुरुंगवास झाला होता. सुटल्यावर तो शाळेत बर्मी शिकवू लागला. पुढे लष्कराने शान पुढाऱ्यांशी बोलणी सुरू केली, तेव्हा दुभाषा म्हणून त्यालाच बोलावणं आलं.

बैठकीत कर्नल म्हणाला, “प्रांतांच्या कारभारावर बोलू. पण तो एक शब्द काढायचा नाही. त्याने देश फुटतो.”

साय लुर्नने शान मंडळींना सांगितलं, “घर एकच, पण ज्याची त्याची चूल वेगळी, यावर बोलू म्हणतात.”

“एवढं लांबलचक काय सांगितलंस?” कर्नलने विचारलं.

“एका शब्दात झालं असतं, साहेब. पण तोच तुम्ही नको म्हणालात.”

लुंग खाम, म्हणजे खामकाका, हे सगळ्यांत वयस्कर पुढारी. ते म्हणाले, “मास्तर, विचार त्यांना, बंदूक कुणाच्या चुलीपाशी राहणार?”

साय लुर्नने एकही शब्द न गाळता विचारलं. कर्नलने फाइल मिटली आणि चहा मागवला. चहानंतर पुढच्या बैठकीची तारीख तेवढी ठरली.

त्या बैठकीला दुसरा दुभाषा आला. महिन्याभराने लुंग खाम साय लुर्नच्या घरी जेवायला आले.

“नवा माणूस कसा आहे, लुंग?”

“फार गोड बोलतो. माझा प्रश्न मात्र अजून पलीकडे पोचलेला नाही.”

साय लुर्नने त्यांना आणखी भात वाढला.