लॅव्हेंडरच्या वासाचं कॉलेज

आज दवाखान्याच्या लिफ्टमध्ये लॅव्हेंडरचा वास आला आणि याच वासाचं अंधेरीतलं ते चकचकीत कॉलेज आठवलं. बारावीनंतर बालमानसशास्त्र शिकायचं म्हणून मी आईबरोबर तिथे चौकशीला गेले होते. आई वाकोल्याच्या बालवाडीत शिकवायची.

विभागप्रमुख बाई आम्हाला परदेशी सहलींचे गुळगुळीत फोटो दाखवत होत्या. इतक्यात दाराबाहेर एक तीनेक वर्षांची मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. बाई शिपायावर खेकसल्या, "त्या कार्टीला आधी बाहेर काढा!"

आई उठली. गार फरशीवर मुलीसमोर बसली. "कोण दिसत नाही गं तुला?"

"पप्पा," मुलगी हुंदके देत म्हणाली. पप्पा फॉर्मच्या रांगेत सापडले.

आई फरशीवर बसली होती तेव्हा तिच्याकडे बघून बाई माझ्याकडे वळून हसल्या होत्या. आईची लाज वाटून मीही हसले होते.

जिन्यात आई म्हणाली, "ही काय शिकवणार तुला? पोरांना घाबरवायला?"

मग मी गोरेगावच्या अनुदानित कॉलेजात शिकले. फी परवडणारी, भिंती पोपडे निघालेल्या, पण सर आम्हाला दर आठवड्याला मुलांमध्ये नेऊन बसवायचे.

त्या बाईंची मला आजही किळस येते. त्यांच्यासोबत हसलेल्या त्या अठरा वर्षांच्या पोरीची मात्र जास्त येते.