सोन्याचा नळ

सलीम गेल्याचं मला गिऱ्हाइकाकडून कळलं, हे अजून सलतं. ताथवड्यात माझं इंटरनेटच्या सामानाचं दुकान. पंधरा वर्षं जोडणीची सगळी कामं सलीमच करायचा. त्या सकाळी राऊटर न्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "तुमचे सलीमभाई गेले ना हो काल? हार्ट अटॅक..." मी धावत पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. महिनाभर आमचं बोलणं बंद होतं, म्हणून मला कुणी कळवलंच नव्हतं.

भांडण कशावरून, तर एका डब्यावरून! मी विकणारा आणि हा पठ्ठ्या विकू न देणारा. दर वर्षी नवा राऊटर यायचा, सहा शिंगांचा, खोक्यावर उडतं रॉकेट आणि 'दसपट वेग'. मी ते सगळं गिऱ्हाइकाला घडाघडा ऐकवायचो. सलीम मागून शांतपणे म्हणायचा, "भाऊ, यांचं कनेक्शनच साधं आहे. टाकीत पाणी तेवढंच, नळ सोन्याचा बसवून काय उपयोग?" खोकं फोडायच्या आधी फोन हातात घेऊन तो स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत घरभर फिरायचा, कुठं रेंज मिळते ते बघत. कितीदा तरी जुना राऊटर सापडायचा लोखंडी कपाटात! धूळ बसू नये म्हणून कपाटाला भोक पाडून वायर आत घेतलेली, वर दार लावलेलं. हा तो बाहेर काढून भिंतीवर टांगायचा, चहा प्यायचा आणि माझं खोकं जसंच्या तसं परत आणायचा. मी कपाळाला हात लावायचो. पण लोक माझ्या दुकानाला 'सलीमभाईंचं दुकान' म्हणायचे, आणि खरं सांगतो, मला ते आतून आवडायचं.

पिंपळे गुरवच्या एका निवृत्त मास्तरांना मी सगळ्यात महागडा डबा दाखवत होतो. सलीम त्यांच्यासमोरच म्हणाला, "दोन खोल्यांना हा कशाला, राव?" माझा पारा चढला. "दुकान तुझं आहे का? उद्यापासून येऊ नकोस!" तो पिशवी उचलून गेला. मग रोज ठरवायचो, आज फोन करतो... कसला माज होता, कोण जाणे.

चाळिसावा झाल्यावर त्याच्या घरी गेलो, संत तुकाराम नगरला. त्याची मुलगी रुखसार घरून काम करते, मीटिंग सारखी अडकते असं कळलं होतं. दुकानातला सगळ्यात भारी राऊटर तिला भेट द्यायला घेतला. दुसरं काय देणार होतो मी? तिनं खोकं उलटंपालटं करून वाचलं आणि विचारलं, "काका, खरंच लागेल का हा?"

हा प्रश्न मला दुकानात रोज विचारतात आणि माझं उत्तर तयार असतं. त्या दिवशी मात्र खरं सांगितलं. "नाही गं बाळा," मी म्हणालो, "नाही लागणार. तुझे अब्बा बरोबर होते, आणि मी त्यांना हाकललं." आणि तिथंच ओक्साबोक्शी रडलो.

वहिनी आतून पाणी घेऊन आल्या. "रडू नका भाऊ," म्हणाल्या. "ते कुठं रागावले होते? रोज म्हणायचे, भाऊ तापलेत जरा, दोन दिवसांत फोन करतील."