चंद्राला हात लावू नये

मुदखेडच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. आमच्या संगीताच्या सरांची दृष्टी लहानपणीच तापात गेली. एकदा मधल्या सुट्टीत मी कॉम्प्युटरवर चंद्राचा नकाशा उघडून बसले होते. माऊस जिथं न्याल तिथली उंची-खोली मीटरमध्ये सांगणारा ऑनलाइन नकाशा. सर शेजारी येऊन बसले.

"बाई, काय बघून राहिल्या एवढं?"

"चंद्र."

"मी पाहिलेला हाय लहानपणी. ते काळे डाग म्हणजे खड्डे का डोंगर हो?"

"सखल मैदानं आहेत. लाव्हा थंड होऊन झालेली."

"सखल म्हंजे किती?"

तोंडी सांगून भागेना. मग रद्दी भिजवली, लगदा चिकट व्हावा म्हणून मेथ्या वाटून घातल्या आणि परातीएवढ्या प्लायवूडवर लगद्याचा चंद्र करायला घेतला. मी नकाशावरचे आकडे वाचायची, सर अंगठ्यानं खड्डा दाबायचे. "एवढा?" "अजून." खोली जरा वाढवूनच घेतली, नाहीतर बोटाला कळली नसती. दोन महिने लागले.

मुख्याध्यापकांनी तो नांदेडच्या विज्ञान प्रदर्शनात पाठवला. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलो. पाहते तर चंद्राला चंदेरी ऑइलपेंट फासलेला, पुढं दोरी आणि पुठ्ठ्याची पाटी: 'हात लावू नये.'

सरांनी दोरीवरून हात नेला. बोटं फिरली, थांबली. "बाई, बारीक खड्डे बुजले की."

तेवढ्यात एक संयोजक धावत आला. "ओ मास्तर, हात काढा! साहेब यायलेत, डाग पडतील."

"अहो, हा हातानंच बघायचा आहे. ह्यांनीच केलाय," मी म्हणाले.

"ह्यांनी?" तो हसला. "ह्यांना दिसत नाही, तर चंद्र काय करायचाय?"

माझ्या डोक्यात सणक गेली. मी दोरी ओढून काढली, पाटीचे तुकडे केले आणि त्याला जे बोलले ते अख्ख्या मंडपानं ऐकलं. सर म्हणत होते, "जाऊ द्या बाई, जाऊ द्या." त्या 'जाऊ द्या'चाही मला राग आला. किती वर्षं जाऊ देत आलेत हे?

मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. रंग त्यांनीच लावायला सांगितला होता, 'उठून दिसावं' म्हणून. मी एकच ओळ लिहिली: पाटी मीच फाडली, पुन्हा लावली तर पुन्हा फाडीन.

रंग निघाला नाही. टर्पेंटाइन लावलं तर लगदाच सुटू लागला. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, दुसरा करू." तो आता माझ्या घरी, दर रविवारी चालू आहे. शाळेला देणार नाही.

परवा नांदेडच्या बाजारात तो संयोजक दिसला. मी सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही. "जरा सरका," म्हणाला आणि भाजी घ्यायला वाकला.