घडीतला उलटा ठसा

माझे सासरे मतमोजणीला जेवढे घाबरत, तेवढे प्रत्यक्ष यमालाही घाबरले नसतील. कागदी मतपत्रिकांच्या काळात सरकारी नोकरीत त्यांनी अनेकदा मोजणी केली होती, आणि कुणाचं तरी एखादं मत आपल्या हातून वाया गेलं असेल, ही धास्ती ते निवृत्तीबरोबर घरी घेऊन आले. रविवारी श्रीखंड की पुरणपोळी, हेसुद्धा घरात चिठ्ठ्या टाकून ठरे. त्याआधी ते रिकामा डबा सगळ्यांना उलटा करून दाखवत. "बघितला हो! आता त्यात रवा भरू का?" सासूबाई विचारत. खरं तर त्यांना जेमतेम दिसायचं. पण बिबवेवाडीतल्या त्या घराची भिंतन् भिंत हाताला पाठ असल्यामुळे त्या सगळा स्वयंपाक एकट्या करत. त्यामुळे सोसायटीची इमारत पाडून नवी बांधायची टूम निघाली, तेव्हा सासऱ्यांची झोपच उडाली. परक्या जागेत ही कशी वावरेल, हा एकच घोर.

गुप्त मतदान ठरलं आणि मोजायला सर्वांनी त्यांनाच बसवलं. एवढा भित्रा माणूस लबाडी काय करणार! त्यांनी हौसेने जुन्या पद्धतीचा, चारही टोकं एकाच दिशेने वळलेला फुलीचा शिक्का करून घेतला. मदतीला मी होतो. मतं समसमान पडली तर इमारत राहणार होती. मोजता मोजता ती समसमान झाली आणि एकच पत्रिका उरली. तिच्यावर दोन ठसे होते, एक 'पाडावी'वर, एक 'राहावी'वर. म्हणा की बाद, कोण विचारतंय, असं मी मनात ओरडत होतो. सासऱ्यांनी कागद उजेडाकडे धरला, मूळ घडीवर पुन्हा दुमडून पाहिला आणि उघडला.

"जावईबापू, हे बघा," ते कसंबसं म्हणाले, "शाई ओली असतानाच घडी घातलीय. 'राहावी'वरच्या फुलीची टोकं उलटी वळलीत, म्हणजे ती नुसती उमटलीय. मत 'पाडावी'ला." मग त्यांनी दोन्ही बाजूंच्या माणसांना बोलावून तो कागद दोनदोनदा दाखवला.

मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "नीट मोजलंत ना?" ते "हो" म्हणाले, आणि त्या सामान बांधायला लागल्या.

आता भाड्याच्या जागेत त्या दाराच्या चौकटींना आपटतात. सासरे जीव मुठीत धरून त्यांच्यापुढे दोन पावलं चालतात. परवा देवघर समजून त्या बाल्कनीच्या बंद दारापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी चूक दाखवली नाही. पायातली चप्पल काढून ते शेजारी उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले.