भांगावरचा दिवा

मधलीला राग यायला कारण लागत नाही, असं तिचा नवरा सगळ्यांना सांगायचा. हे खरं नव्हतं. कारण असायचं, आणि ते बहुतेक वेळा तिच्या डोक्यावरच असायचं.

तिघी बहिणींतली ती मधली. माहेरी, सासरी, शेजारीपाजारी सगळीकडे तिचं तेच नाव पडलं होतं. थोरलीची वेणी मनगटाएवढी. धाकटीचे केस कुरळे, त्यात कंगवा शिरला की शोधावा लागेल असे. मधलीच्या वाट्याला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी बारीक आणि मऊ आलं होतं. पिन लावली की घसरायची, रबर लावलं की संध्याकाळपर्यंत मानेवर लोंबायचं. सकाळी धुतलेले केस दुपारी डबा उघडेपर्यंत भांगाच्या दोन्ही बाजूंना असे चिकटून बसायचे, जणू कुणी वाटीभर तेल ओतून गेलंय. शाळेत एकदा बाईंनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं, "उद्या डोकं धुऊन ये." ती त्याच सकाळी धुऊन आली होती. तिने तसं सांगितलं, तर ते उलट उत्तर ठरलं आणि ती तासभर बाहेर उभी राहिली. मधलीचा राग तेव्हापासूनचा, असं म्हणायला हरकत नाही.

सल्ले तर ज्याच्या त्याच्या जिभेवर तयार. थोरली फोनवर सांगायची, "अगं, रोज धुतेस म्हणून जास्त तेल सुटतं. आठवडाभर हात लावू नकोस." शेजारीण म्हणायची दिवसातून दोनदा धू. नवऱ्याला चांगलं वाटोळं टक्कल होतं. तो त्यावरून हात फिरवत म्हणायचा, "माझ्याकडे बघ. काही त्रास आहे का?" त्या दिवशी त्याला स्वतःचा चहा स्वतः करावा लागायचा.

एका चष्म्याच्या दुकानात ती वीस वर्षं नोकरी करत होती. डोळे तपासणारे वेगळे होते. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करायला काचवाले काका होते. मधलीचं काम शेवटचं, तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर नीट बसवून देण्याचं. पुढच्या खिडकीजवळ तिचं लहानसं टेबल होतं. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ गिऱ्हाईक बसायचं. गरम हवेच्या ब्लोअरने काडी मऊ करायची, कानामागे वळवायची, नाकावरची बोंडं पकडीने हलकेच आतबाहेर करायची. कानामागचं बघायला मान वाकवावी लागे, आणि मान वाकवली की तिचा भांग नेमका गिऱ्हाइकाच्या नाकाखाली येई.

इतक्या वर्षांत त्यावर कुणी बोललं नव्हतं. मग मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले, आणि दुकान त्यांची सून बघू लागली. सूनबाई हुशार होती, बोलायला गोड होती. तिने पहिल्याच आठवड्यात मधलीच्या टेबलावर एक पांढराशुभ्र दिवा लावून घेतला. गिऱ्हाइकाला आरशात स्वतःचा चेहरा नीट दिसावा म्हणून. चेहरे नीट दिसू लागले. भांगही दिसू लागला.

"ताई, एक बोलू का? राग मानू नका."

"मग बोलू नका."

सूनबाई तरी बोललीच. "काल एक बाई मला हळूच विचारत होत्या, तुमच्याकडच्या ताई आजारी आहेत का म्हणून. म्हणजे केस असे… अंघोळ झालेली वाटत नाही."

"झाली होती."

"माझा विश्वास आहे हो. पण गिऱ्हाईक काय बघणार, तुमचं न्हाणीघर की तुमचं डोकं? मी काय म्हणते, तुम्ही आत काकांच्या शेजारी बसा. चष्म्याच्या पेट्या भरणं, माल लावणं, पुष्कळ काम आहे. पुढे बसायला एक मुलगी बघून ठेवलीय मी. महिनाअखेरपर्यंत बघू. फरक पडला तर प्रश्नच नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मधलीची गेली, आणि तिथे आधीच तेल होतं.

पगार कमी होणार नव्हता. आत पंखा होता, काका होते, बसायला पाठीची खुर्ची होती. पण चष्मा नीट बसला की माणसाच्या कपाळावरची आठी सुटते, आणि ती सुटताना फक्त त्या टेबलाशी बघायला मिळायची. मधलीच्या स्वतःच्या कपाळावरची आठी कधी सुटली नव्हती. म्हणूनही असेल, दुसऱ्यांची सुटलेली बघणं तिला फार आवडायचं. ते आता कुठल्या तरी मुलीला मिळणार, केस दाट आहेत एवढ्यावरून.

मग तिने डोक्याशी उभा दावा मांडला. सकाळी दोनदा शाम्पू, तोही खरखरून, जणू तव्याची करपलेली कड घासतेय. टाळू लाल झाली, दुपारी तेल होतं तिथेच. मग भांगात पावडर टाकून बघितली. सूनबाई म्हणाली, "ताई, तुमचे केस एका रात्रीत पिकले का?" काचवाले काका आतून हसले, आणि दोन दिवस मधली त्यांच्याशी बोलली नाही.

उपाय शेवटी टेबलाच्या खणातच सापडला. प्रत्येक चष्म्याबरोबर काच पुसायला एक निळं, मऊ फडकं द्यायची दुकानाची पद्धत होती, आणि त्या फडक्यांचा गठ्ठा तिच्या खणात असायचा. काचेवरचं बोटाचं तेल ते एका फटक्यात टिपून घ्यायचं. मधलीने एक फडकं तिकोनी घडी करून भांगावर दाबून बघितलं. आरशात पाहिलं. केस सुटे झाले होते. मग तिचं ठरूनच गेलं. गिऱ्हाईक उठलं की भिंतीकडे तोंड करायचं, थोडी पावडर, वर फडकं, आणि हातातलं फडकं झटकन खणात. सूनबाई दोनदा येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही. म्हणजे बरं चाललं होतं.

त्याच सुमारास शिंपीणबाई आल्या. मागच्या गल्लीत त्यांची शिलाईची यंत्रं होती. साठी उलटली होती, पण बटणाचं भोक अजून हाताने करायच्या. नवा चष्मा नेऊन आठवडा झाला होता.

"धुकं दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "सुईच्या नाकात दोरा जात नाही."

"सवय व्हायला वेळ लागतो," मधली म्हणाली.

चार दिवसांनी त्या परत आल्या. तेव्हा मधलीने जरा आवाज चढवला, "मावशी, चष्म्यात काही नाही. तुमचाच नंबर वाढला असेल." डोळे पुन्हा तपासले. नंबर तोच निघाला. शिंपीणबाई चष्मा पेटीत ठेवून निघाल्या. एरवी त्या जाताना टेबलावरच्या आरशात डोकावून "म्हातारी झाले" म्हणून हसायच्या. या वेळी त्यांनी आरशाकडे बघितलं नाही.

तिसऱ्या वेळी त्या आल्या त्या दारातूनच बोलत. "माझं चुकत असेल तर सांगा. नवरीचे कपडे होते, शिलाई वाकडी गेली. काम परत केलं मी. आयुष्यात पहिल्यांदा. आता यंत्रं विकू का, तेवढं एकदा सांगा म्हणजे झालं."

सूनबाई धावत आली. चष्मा दिव्याखाली धरला. काचेवर खरंच दुधाची साय धरल्यासारखं काहीतरी होतं. तिने आत हाक मारली. "काका, हे तुमच्या काचेचं काय आहे? वरचा थर उडालाय. घासताना उडवला तुम्ही."

काका हात पुसत बाहेर आले. त्यांनी चष्मा घेतला, कोपऱ्यातल्या बेसिनवर साबणाने धुतला, कागदाने टिपला आणि शिंपीणबाईंच्या हातात दिला. शिंपीणबाईंनी घातला. भिंतीवरची अक्षरं वाचली. अगदी खालची ओळसुद्धा.

"आत्ता स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन पुसला की पुन्हा तेच." आणि बघा म्हणून त्यांनी पेटीतलं निळं फडकं काढून काच पुसली. धुकं परत आलं.

"बघितलंत?" सूनबाई काकांना म्हणाली. "पुसलं की थर निघतोय. अशा किती काचा गेल्यात बाहेर? सगळ्या तुम्हाला भरून द्याव्या लागतील. आणि खरं सांगू का, तुमचा हात आता थरथरतो."

काकांनी हात खिशात घातले.

मधली त्या फडक्याकडे बघत होती. त्याला तिकोनी घडीची खूण होती, आणि घडीच्या रेघेत पांढरी पावडर बसलेली होती. दुकानात फडक्याची तिकोनी घडी दुसरं कुणी करत नव्हतं.

कुणाला काही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. फडकं बदलून दिलं की उद्यापासून सगळं ठीक. मग तिने काकांच्या खिशाकडे बघितलं आणि तिला इतका राग आला, इतका की कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. सूनबाईचा, दिव्याचा, त्या शाळेतल्या बाईंचा, खिशात हात घालून उभ्या राहिलेल्या काकांचा. काही तरी बोला ना मेल्यांनो, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण बोलायचं तिलाच होतं.

"काच चांगली आहे," ती म्हणाली. "फडकं घाण आहे. मी डोकं पुसते त्यानं."

"काय पुसता?" सूनबाईने विचारलं.

"डोकं. हे. तेल येतं ना माझ्या डोक्याला, तुम्ही दिवा लावून सगळ्यांना दाखवता ते. या फडक्यानं टिपते आणि खणात टाकते. त्यातलंच एक मावशींच्या पेटीत गेलं. काकांना बोलायचं काम नाही. मला बोला."

शिंपीणबाईंनी चष्मा काढला, फडक्याकडे पाहिलं, मग मधलीच्या भांगाकडे.

"म्हणजे इतके दिवस," त्या सावकाश म्हणाल्या, "मी तुझ्या डोक्यातून बघत होते?"

"हो."

"आणि मला म्हणालीस, नंबर वाढलाय. मी रात्र रात्र जागले. यंत्रांना गिऱ्हाईक बघितलं. अक्कल आहे का तुला?" शिंपीणबाई बोलल्या ते आणखी पुष्कळ होतं, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मधलीने पूर्ण ऐकून घेतलं. डोळे मात्र भरले, आणि त्याचाही तिला राग आला.

"ताई, तुम्ही आत जा," सूनबाई म्हणाली. "आत्ताच."

मधलीने पकड टेबलावर ठेवली.

"ती कुठे जात नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून चढलेलाच होता. "उजवी काडी कानाला लागतेय पहिल्या दिवसापासून. आधी ते कर. बस खाली. काय बघतेस? माझं भांडण संपलेलं नाही."

मधली बसली. चष्मा पुन्हा धुऊन घेतला, ब्लोअर लावला, काडी मऊ केली, आणि मान वाकवली. भांग दिव्याखाली, शिंपीणबाईंच्या नाकाखाली. वर बडबड चालूच होती. मग ती थांबली. मधलीने डोकं वर केलं तेव्हा शिंपीणबाईंच्या कपाळावरची आठी सुटलेली होती. त्या आरशात डोकावल्या. "म्हातारी झाले," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. तेवढं त्यांनी राखून ठेवलं.

संध्याकाळी मधली केस कापायला गेली. केशकर्तनवालीने एक बट बोटांत धरून पाहिली. "तेल सगळ्यांनाच येतं हो. दाट केसांत दडून राहतं, तुमच्यात दडायला जागा नाही. आखूड करू, घासू नका, सारखा हात लावू नका. एवढंच."

"एवढंच सांगायला सगळ्यांना इतकी वर्षं लागली?" मधली तिच्यावरच चिडली. त्या बिचारीने कात्री उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई दुकानात आली तेव्हा मधली कोपऱ्यातल्या बेसिनखाली डोकं धरून उभी होती. आखूड केस दोन ओंजळी पाण्यात धुऊन झाले. मग टेबलाशी येऊन तिने फ्रेम गरम करायचा ब्लोअर स्वतःच्या डोक्यावर फिरवला.

"ताई, तो फ्रेमसाठी आहे."

"माहितीय."

"आणि हे रोज दुपारी करणार तुम्ही? गिऱ्हाइकांसमोर?"

"गिऱ्हाइकांना डोकं बघायचं असतं म्हणालात ना. बघू दे."

आतून काकांचं हसू ऐकू आलं. या वेळी मधलीने अबोला धरला नाही. नुसतं "काका" म्हणून दटावलं. सूनबाईने खण उघडून बघितला. फडक्यांचा गठ्ठा नवा होता, घड्या चौकोनी होत्या. तिने खण बंद केला.

"महिना संपायचा आहे अजून," ती म्हणाली.

"मग संपल्यावर बोलू," मधली म्हणाली, ब्लोअर बंद केला आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हाताने खुर्ची दाखवली.